अभ्यासक्रम-संकेतस्थळांची रचना आणि अध्ययन-अध्यापन : एक ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : रत्नागिरी जिल्हा)

सारांश

महाविद्यालयीन अध्यापनात संकेतस्थळाचा वापर ही अलीकडच्या काळातील घटना मानली जाते. प्रस्तुत शोधनिबंधात या घटनेची मुळे टपालाद्वारे चालणाऱ्या दूरशिक्षणात व स्वयंअध्ययन पुस्तिकांच्या रचनेत शोधण्याचा प्रयत्न केला आहे. मराठीतून शिकणाऱ्या, महानगरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी संकेतस्थळ कसे असावे, याचे उत्तर केवळ तंत्रज्ञानात सापडत नाही. लिपी, भूगोल आणि शिक्षकाचे श्रम या तीन बाबींचा इतिहास त्यासाठी पाहावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात या तिन्ही बाबींचा विचार करून काही निष्कर्ष व सूचना येथे मांडल्या आहेत.

बीजसंज्ञा : दूरशिक्षण, स्वयंअध्ययन, अभ्यासक्रम-संकेतस्थळ, युनिकोड, ई-आशय, जतन.

प्रस्तावना

शिक्षणाचा इतिहास लिहिताना संस्था, कायदे, आयोग व थोर पुरुष यांकडे अधिक लक्ष दिले जाते. शिक्षक वर्गात प्रत्यक्ष काय वापरतो, विद्यार्थ्याच्या हाती कोणते साहित्य पडते, ते कसे मांडलेले असते, याची नोंद त्या मानाने कमी होते. पाटी, क्रमिक पुस्तक, झेरॉक्स नोट्स, ध्वनिफीत आणि संकेतस्थळ ही सर्व अध्यापनाची साधने असून त्या प्रत्येकाला स्वतःचा इतिहास आहे. त्यांपैकी अभ्यासक्रम-संकेतस्थळ म्हणजे एखाद्या विशिष्ट विषयपत्रिकेच्या अध्ययन-अध्यापनासाठी तयार केलेले, घटकवार मजकूर, स्वाध्याय, संवाद व मूल्यमापन यांची सोय असलेले संकेतस्थळ होय. महाविद्यालयाचे माहितीपर संकेतस्थळ आणि अभ्यासक्रम-संकेतस्थळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद न पाळल्यामुळे अनेक अडचणी निर्माण झाल्या, असे प्रस्तुत अभ्यासातून दिसते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. महाराष्ट्रातील दूरशिक्षणाच्या साहित्यरचनेचा संक्षिप्त आढावा घेणे.
२. अध्यापनासाठी संकेतस्थळांचा वापर कसा सुरू झाला व त्यात मराठीला कोणत्या अडचणी आल्या, हे पाहणे.
३. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातील परिस्थितीच्या आधारे परिणामकारक रचनेची तत्त्वे मांडणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

पूर्वपीठिका : अंतर आणि शिक्षण

कोकणात शिक्षण आणि अंतर यांचा संबंध जुना आहे. दापोली तालुक्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे किशोरवयात सहावीच्या परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले. वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही, हा प्रसंग सर्वज्ञात आहे. याच कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना केली आणि उच्च शिक्षणात मातृभाषेच्या माध्यमाला स्थान दिले. ज्ञान विद्यार्थ्याच्या भाषेत असावे आणि ते त्याच्या आवाक्यात यावे, या दोन्ही प्रश्नांचा अनुभव या जिल्ह्याने फार पूर्वी घेतला होता.

रत्नागिरीत १८२८ मध्ये वाचनालय सुरू झाले. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. मात्र उच्च शिक्षणासाठी दीर्घकाळ मुंबई किंवा पुणे गाठावे लागे. १९४५ मध्ये रत्नागिरीत महाविद्यालय स्थापन झाले, तेच आजचे गोगटे जोगळेकर महाविद्यालय. मुंबई विद्यापीठ येथून सुमारे ३३० किलोमीटर अंतरावर आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू होईपर्यंत हा प्रवास प्रामुख्याने घाटवळणाच्या रस्त्याने होत असे. खाड्या, डोंगर व विखुरलेल्या वाड्या यांमुळे जिल्ह्यांतर्गत अंतरही कमी नाही. चार महिन्यांच्या पावसात ते आणखी वाढते.

टपालातून येणारा पाठ

भारतात विद्यापीठीय पातळीवर पत्रद्वारा शिक्षणाचा आरंभ दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये केला. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग सुरू केला. या पहिल्या टप्प्यात विद्यार्थ्याकडे जाणारे साहित्य बहुतांशी वर्गातील व्याख्यानाची छापील प्रत असे. शिक्षक समोर नसताना विद्यार्थ्याला कोठे अडचण येईल, याचा विचार त्यात क्वचितच आढळे.

या विचाराला शास्त्रशुद्ध रूप मुक्त विद्यापीठांमुळे मिळाले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी मराठीतून स्वयंअध्ययन साहित्य तयार करण्यावर भर दिला. अशा पुस्तिकेची रचना ठरलेली असते. घटकाच्या प्रारंभी उद्दिष्टे, त्यानंतर प्रास्ताविक, लहान उपघटकांत विभागलेले विवेचन, मध्येच स्वयंअध्ययनासाठी प्रश्न, शेवटी सारांश, पारिभाषिक शब्द, प्रश्नांची उत्तरे, सरावासाठी स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य असा हा क्रम असतो. या रचनेमागे एक साधे तत्त्व आहे. विद्यार्थी एकटा आहे, त्यामुळे शिक्षक वर्गात जे तोंडी करतो ते सर्व कागदावर उतरले पाहिजे. ‘येथे थांबा व उत्तर लिहा’ हे सांगणेही कागदानेच करावयाचे असते.

दृक्-श्राव्य माध्यमाचा प्रयोगही याच काळात झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर सुरू झाला. तो प्रामुख्याने इंग्रजीत असल्याने आणि प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असल्याने ग्रामीण मराठी विद्यार्थ्याला त्याचा लाभ मर्यादितच झाला. पुस्तिका हवी तेव्हा उघडता येत असे, कार्यक्रम मात्र एकदा निसटला की निसटला. पुढे संकेतस्थळाने हे दोन्ही गुण एकत्र आणण्याची शक्यता निर्माण केली.

संकेतस्थळांचा उदय

संगणकाद्वारे अध्यापनाचा प्रयोग इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ या प्रणालीच्या रूपाने १९६० मध्येच झाला होता. तथापि त्याला व्यापक रूप वर्ल्ड वाइड वेबमुळे आले. १९९३ मध्ये सर्न या संस्थेने हे तंत्रज्ञान सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मरे गोल्डबर्ग यांनी ‘वेबसीटी’ ही अभ्यासक्रम-संकेतस्थळे तयार करण्याची प्रणाली विकसित केली. २००२ मध्ये मार्टिन डुगियामास यांची ‘मूडल’ ही मुक्त प्रणाली प्रसिद्ध झाली आणि परवान्याचा खर्च न करता कोणत्याही महाविद्यालयाला अशी सोय करता येऊ लागली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपले अभ्यासक्रम साहित्य सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा २००१ मध्ये केली.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ पासून उपलब्ध झाली. आयआयटी संस्था व बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या सहभागातून ‘एनपीटेल’ हा प्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला. शिक्षणासाठीचा ‘एज्युसॅट’ हा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी सोडण्यात आला. ‘स्वयम्’ हे राष्ट्रीय व्यासपीठ २०१७ मध्ये आले. त्यावरील अभ्यासक्रमांतून मिळवता येणाऱ्या श्रेयांकांची मर्यादा २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील एकूण अभ्यासक्रमांच्या ४० टक्क्यांपर्यंत वाढविली. ‘स्वयम्’च्या रचनेत चार चतुर्थके आहेत : ई-पाठ, ई-मजकूर, चर्चा आणि मूल्यमापन. यांची तुलना स्वयंअध्ययन पुस्तिकेच्या क्रमाशी केल्यास विवेचन, स्वाध्याय व स्वयंमूल्यमापन हे घटक दोन्हींत समान असल्याचे दिसून येते. नव्याने आली ती चर्चेची सोय. पुस्तिकेत ती नव्हती. संपर्कवर्गाच्या रूपाने ती बाहेरून जोडावी लागत असे.

लिपीचा अडसर

मराठी संकेतस्थळांच्या इतिहासात लिपीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरला. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९८८ पासून भारतीय लिपींसाठी मोलाचे कार्य केले आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ हे प्रमाणीकरण आले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली व तीत देवनागरीचा समावेश होता. असे असूनही व्यवहारात पुढील अनेक वर्षे वेगवेगळ्या कंपन्यांचे फॉन्ट वापरले गेले. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. वाचकाच्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल, तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. मजकूर शोधता येत नसे आणि एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेताना जोडाक्षरे मोडत.

विंडोज २००० पासून देवनागरीसाठी युनिकोडची सोय आली. तथापि विंडोज एक्सपीमध्ये ती अनेकदा मूळ सीडीवरून स्वतंत्रपणे बसवावी लागे. ज्या शिक्षकाला ही माहिती नव्हती त्याच्यापुढे दोन मार्ग उरत. एक, मजकूर इंग्रजीत देणे. दुसरा, हस्तलिखित किंवा छापील नोट्स स्कॅन करून चित्ररूपाने चढविणे. दोन्ही मार्गांचे परिणाम दीर्घकाळ टिकले. पहिल्यामुळे मराठी माध्यमाचा विद्यार्थी बाजूला पडला. दुसऱ्यामुळे मजकूर दिसू लागला, पण तो शोधता येईना, मोबाइलच्या लहान पडद्यावर वाचता येईना आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या वाचक-प्रणालीला तो ओळखता येईना. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्येच प्रसिद्ध झाली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

याउलट काही प्रयत्न मार्गदर्शक ठरले. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने युनिकोडमधील मराठी लेखन सर्वांसाठी शक्य असल्याचे दाखवून दिले. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने संगणकसाक्षरता गावोगावच्या केंद्रांपर्यंत मराठीतून नेली. आयआयटी मुंबईचे प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाची रचना विशेष अभ्यसनीय आहे. सुमारे दहा मिनिटांचा एक पाठ, पडद्यावर आज्ञावली इंग्रजीतच, निवेदन मात्र मराठीसह विविध भारतीय भाषांत, आणि इंटरनेट नसले तरी पाठ पाहण्याची सोय, असे त्याचे स्वरूप आहे. विद्यार्थ्याने एका बाजूला पाठ पाहत दुसऱ्या बाजूला कृती करावी, अशी त्यात अपेक्षा असते. स्वयंअध्ययन पुस्तिकेतील ‘थांबा व करून पाहा’ हेच तत्त्व येथे नव्या साधनाने पाळले गेले.

शालेय क्षेत्रात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून कागद व संकेतस्थळ यांची सांगड घातली. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तक बाजूला न सारता त्यालाच संकेतस्थळाचे प्रवेशद्वार करणे, हा या प्रयोगाचा विशेष होय.

सूचनाफलक की वर्ग?

२००० नंतरच्या दशकात महाविद्यालयांची संकेतस्थळे मोठ्या संख्येने निर्माण झाली. त्यांत संस्थेचा इतिहास, इमारतीचे छायाचित्र, प्राचार्यांचे मनोगत, प्रवेशाची माहिती व वेळापत्रक यांना प्राधान्य होते. २०१७ मध्ये नॅकची मूल्यांकन पद्धती सुधारली गेली व माहितीच्या पुष्ट्यर्थ कागदपत्रे संकेतस्थळावर ठेवून त्यांचे दुवे देणे आवश्यक झाले. त्यामुळे संकेतस्थळे समृद्ध झाली हे खरे, परंतु त्यांचा अपेक्षित वाचक बदलला. पाने मूल्यांकन समितीसाठी तयार होऊ लागली. त्यांवर अभ्यासक्रमाची उद्दिष्टे असतात, पण तो अभ्यासक्रम शिकण्यासाठीचा पाठ बहुधा नसतो.

शिक्षकाच्या श्रमांचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत ई-आशयाच्या निर्मितीस गुण देण्यात आले, ही स्वागतार्ह बाब होय. मात्र तक्त्यातील गुण निर्मितीसाठी आहेत. अभ्यासक्रम बदलल्यावर पाने सुधारणे, तुटलेले दुवे दुरुस्त करणे, विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे या कामांना त्यात स्वतंत्र स्थान नाही. परिणामी एकदा चढविलेले साहित्य तसेच पडून राहते. जुन्या अभ्यासक्रमाच्या नोट्स वाचून विद्यार्थी परीक्षेस बसला, तर हानी त्याची होते.

२०२० ची कसोटी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि सर्व अध्यापन अचानक दूरशिक्षण बनले. त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले. दापोली व मंडणगड तालुक्यांत मोठी हानी झाली आणि अनेक गावांत दीर्घकाळ वीज व मोबाइल संपर्क खंडित राहिला. त्याच काळात शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने संपर्क मिळावा म्हणून डोंगरावर खोपटे उभारून अभ्यास केल्याची बातमी वृत्तपत्रांत आली. तिच्या जिद्दीचे योग्य ते कौतुक झाले. परंतु शिक्षकाच्या दृष्टीने त्या बातमीतून निघणारा प्रश्न वेगळा आहे. जो पाठ ऐकण्यासाठी विद्यार्थ्याला पावसात डोंगर चढावा लागतो, तो पाठ ठरावीक वेळेच्या थेट व्हिडिओच्या रूपातच असणे आवश्यक होते काय? तोच मजकूर काही पानांच्या लेखी पाठात व लहान ध्वनिफितीत दिला असता, तर एकदा संपर्क मिळताच तो उतरवून घेऊन घरी वाचता आला असता.

या काळात बहुतेक ठिकाणी वर्गातील व्याख्यान जसेच्या तसे पडद्यावर आणले गेले. पत्रद्वारा शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात व्याख्यानाची छापील प्रत पाठविली जात होती, त्याचीच ही पुनरावृत्ती होती. मधल्या तीस वर्षांत मुक्त विद्यापीठांनी मिळविलेला अनुभव पारंपरिक महाविद्यालयांपर्यंत पोहोचलेला नव्हता, असे यावरून म्हणता येते.

कागदही सुरक्षित नाही, हे चिपळूणने दाखवून दिले. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेची २००५ व २०२१ च्या महापुरांत मोठी हानी झाली. दुसरीकडे संकेतस्थळेही अल्पायुषी असतात. जिओसिटीज ही विनामूल्य सेवा २००९ मध्ये बंद झाली. शिक्षकांत लोकप्रिय असलेले विकिस्पेसेस २०१८ मध्ये बंद झाले. अशा ठिकाणच्या साहित्याची दुसरी प्रत ज्यांनी ठेवली नाही, त्यांचे श्रम वाया गेले. तात्पर्य, एकाच माध्यमावर विसंबणे कोकणात तरी परवडणारे नाही.

परिणामकारक रचनेची तत्त्वे

चिकरिंग व गॅम्सन यांनी १९८७ मध्ये पदवी अध्यापनाची सात तत्त्वे मांडली. त्यांत शिक्षक-विद्यार्थी संपर्क, परस्पर सहकार्य, कृतियुक्त अध्ययन व तत्पर प्रतिसाद यांचा समावेश आहे. वरील इतिहासाच्या प्रकाशात त्यांना पुढीलप्रमाणे स्थानिक रूप देता येईल.

१. घटकनिहाय मांडणी : एका घटकासाठी एक पान असावे व त्यात उद्दिष्टे, विवेचन, मध्यंतरीचे प्रश्न, सारांश व स्वाध्याय हा क्रम पाळावा. त्या घटकास लागणारा अंदाजे वेळही नमूद करावा.

२. युनिकोड मराठी : मजकूर युनिकोडमध्ये असावा. पारिभाषिक संज्ञा मराठीत देऊन तिचा प्रचलित इंग्रजी पर्याय परिशिष्टात द्यावा. स्कॅन केलेली पाने केवळ मूळ दस्तऐवज दाखविण्यासाठी वापरावीत.

३. कमी भार : पान मंद संपर्कातही उघडावे. चित्रफीत पूरक असावी. तिच्यावाचून घटक समजणार नाही अशी रचना करू नये. संपूर्ण घटक उतरवून घेण्याची सोय असावी.

४. निश्चित प्रतिसाद : स्वाध्याय किती दिवसांत तपासला जाईल हे जाहीर करावे व पाळावे. दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याचा विश्वास यावरच टिकतो.

५. स्थानिक आशय : राष्ट्रीय व्यासपीठावर सर्वसाधारण विषय उत्तम रीतीने मिळतात. ते पुन्हा तयार करण्यात शक्ती खर्च करू नये. जे अन्यत्र मिळणार नाही ते द्यावे. इतिहास विषयापुरते पाहिले तर ब्रह्मदेशाचा राजा थिबा याचा रत्नागिरीतील १८८६ ते १९१६ हा बंदिवास, १९३१ चे पतितपावन मंदिर, आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समाविष्ट झालेली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे यांवर नकाशे, छायाचित्रे व क्षेत्रभेटीच्या प्रश्नावली देता येतील. विद्यार्थ्यांनी आणलेल्या नोंदी तपासून त्याच पानावर त्यांच्या नावाने ठेवल्यास ते साहित्याचे सहनिर्माते होतील.

६. जतन : पाने महाविद्यालयाच्या स्वतःच्या क्षेत्रावर असावीत. प्रत्येक पानावर लेखकाचे नाव व शेवटच्या सुधारणेची तारीख असावी. दरवर्षी एक प्रत स्वतंत्र संचिकेत व एक छापील प्रत ग्रंथालयात ठेवावी.

निष्कर्ष

१. अभ्यासक्रम-संकेतस्थळाच्या चांगल्या रचनेची मूलतत्त्वे मराठीत नवीन नाहीत. मुक्त विद्यापीठाच्या स्वयंअध्ययन पुस्तिकांत ती आधीच सिद्ध झाली होती.
२. मराठी ई-साहित्याच्या मागासलेपणाचे एक प्रमुख कारण लिपीविषयक अव्यवस्था हे होते. ते कारण आता दूर झाले असले तरी स्कॅन प्रतींची सवय कायम आहे.
३. महाविद्यालयीन संकेतस्थळांचा विकास मूल्यांकनाच्या गरजेतून झाल्याने विद्यार्थी हा त्यांचा मुख्य वाचक राहिला नाही.
४. शिक्षकाच्या देखभालीच्या श्रमांना मान्यता मिळाल्याखेरीज अशी संकेतस्थळे टिकणार नाहीत. कार्यभारात त्यासाठी आठवड्याची एखादी तासिका धरणे हा व्यवहार्य उपाय ठरेल.
५. कोकणच्या परिस्थितीत कागद व संकेतस्थळ ही परस्परपूरक साधने मानणे इष्ट आहे.

समारोप

कर्व्यांच्या काळी विद्यार्थ्याला शिक्षणापर्यंत चालत जावे लागले. टपालाने पाठ घरी आणला, मुक्त विद्यापीठाने त्या पाठाला शिक्षकाचा आवाज दिला आणि संकेतस्थळाने संवादाची शक्यता निर्माण केली. ही शक्यता प्रत्यक्षात आणणे प्रणालीच्या किमतीवर अवलंबून नाही. पान लिहिताना लेखकासमोर कोण आहे, यावर ते अवलंबून आहे. भावी काळातील शिक्षणाच्या इतिहासकाराला आजचे अध्यापन समजून घ्यावयाचे झाल्यास ही पाने त्याची साधने ठरतील. ती साधने वाचनीय, मराठीत आणि शिल्लक असावीत, ही जबाबदारी आजच्या अध्यापकवर्गाची आहे.